तेल पाजलेलं शटर

कान्हा मढवीनं शटरला तेल पाजलं ते मायेनंच. त्याचा बाप जिवंत असता तर त्यानंही हेच केलं असतं.

बोनकोड्यात कान्हाच्या इमारतीखाली एक पांढरी गाडी उभी होती. बाहेरून मोठा टेम्पो, पण आत दोन माणसांचं घर. बसायला बाक, झोपायला फळी, आणि मागच्या कोपऱ्यात स्वयंपाकाची जागा. गल्लीतले लोक तिला कॅरॅव्हॅन म्हणत. मुलगी जागृती तिला ‘बाबांची दुसरी बायको’ म्हणायची. त्यावर सुमित्रा म्हणे, “असू दे. तिचं बी मलाच करावं लागनार हाय.”

गाडी घेतली होती ती सुमित्रासाठीच. भावकीत कुणाचीही हळद असली की चुलीपाशी सुमित्रा असायचीच. पुरुषभर उंचीच्या धुरात उभं राहून तिनं शेकड्यांनी माणसं जेवू घातली होती. म्हणून रबाळ्याच्या कारखान्यात गाडीचं आतलं काम चाललं होतं तेव्हा ती मिस्त्रीला म्हणाली, “किचन दोघांपुरतंच कर, भाऊ. तिसरा आला तर उपाशीच गेला पायजे.” मिस्त्री हसला, पण त्यानं तसंच केलं.

कपाटाला त्यानं नेहमीची दारं लावली नाहीत. गाडी वळणावर कलली की अशी दारं उघडतात आणि मिठाच्या बरणीपासून सगळं खाली येतं. त्यानं गुंडाळणारं शटर बसवलं. लाकडाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या एकीखाली एक ठेवायच्या आणि त्यांच्या पाठीला कापड चिकटवायचं. पट्ट्या कडक, कापड मऊ, त्यामुळे सगळं मिळून चटईसारखं वळतं. दोन्ही कडा खाचेत सरकतात आणि वर ढकललं की दार कपाटाच्या मागे जाऊन बसतं. दुकानाच्या शटरचं धाकटं भावंडच म्हणा.

हरिहरेश्वरला जायचं ठरलं होतं. समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची आणि सुमित्रानं दोघांपुरता भात आणि कोलंबीचं कालवण करायचं. पण निघण्याआधीच तिच्या पोटात गाठ निघाली.

उपचार पावसाळाभर चालणार होते. गाडी शेडखाली उभीच राहणार. कान्हाला आपल्या बापाची होडी आठवली. खाडीवर मिठागरं होती तेव्हाची. पावसाळ्यात होडी वर ओढून पालथी घातली की बाप तिला मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजायचा. लाकूड नुसतं उभं राहिलं की सुकतं, फाटतं, असं तो सांगायचा. कान्हानं दिवाळे कोळीवाड्यातल्या एका दोस्ताकडून बाटलीभर तेल आणलं आणि संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर फडक्यानं शटरला चोळत बसला. एकदा चोळून त्याचं समाधान झालं नाही. पट्ट्यांनी तेल प्यायलं, तसं त्यानं आणखी पाजलं. बायकोसाठी त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं.

होडीच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. शटरच्या पट्ट्या मात्र गोंदानं चिकटवलेल्या होत्या, आणि तोही रबरासारखा गोंद. तेल मुरत मुरत कापडापर्यंत गेलं. गोंदाचा चिकट लगदा झाला. पट्ट्या सुटल्या, दोन तिरक्या होऊन खाचेत अडकल्या आणि शटर वीतभर वर जाऊन जे रुतलं ते रुतलंच.

हे कळलं पाऊस गेल्यावर. डॉक्टरांनी कान्हाला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, “औषधं लागू पडत नाहीयेत. कुठे न्यायचं असेल तर आत्ताच न्या. पुढे जमणार नाही.” त्यानं घरी येऊन सुमित्राला इतकंच सांगितलं, “डाक्टर बोलले, फिरून या.” तिनं त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “मग शुक्रवारी जाऊ.”

ती गाडी बघायला खाली उतरली आणि दारातच नाकाला पदर लावून थांबली.

“अवो, गाडीत मुशी शिजवलीत का काय?”

औषधांमुळे तिला आधीच कसला वास सहन होत नव्हता. ती तशीच मागे फिरली. कान्हानं शटरला हात लावला, ओढलं, मग दणके दिले. ते हललं नाही.

रबाळ्याचा मिस्त्री गावी निघून गेला होता. नवीन शटर बनवून मिळायला वेळ लागणार होता. शेवटी कान्हा दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे गेला. पोपट मास्तर माणगावकडचे. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. रविवारी त्यांच्या गॅलरीत सोसायटीतली पोरं करवत धरायला शिकत बसलेली असत, आणि एकाही पोराला मास्तरांनी कधी ‘इकडे आण, मी करतो’ म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मास्तरांनी शटरचा वास घेतला, बोटानं लगदा चाचपला आणि म्हणाले, “तेल कुणी लावलं?”

“मीच.”

“बरं. पट्ट्यांना मागून पेन्सिलीनं नंबर घाला, वरून खाली. मग सोडवा.”

“मास्तर, तुमीच करून टाका ना. शुक्रवारी निघायचाय.”

“वाटेत अडकलं तर मी असेन का तिथे? तुम्ही करा. मी बसतो इथे.”

ते खरंच बसले, खुर्ची आणून. कान्हानं पट्ट्या सोडवल्या, जुनं कापड फाडून काढलं, लगदा खरवडला. मग मास्तरांनी शाळेतून उरलेल्या खडूंचे डबे आणले, खडू कुटायला लावले आणि ती भुकटी पट्ट्यांवर पसरायला सांगितली. सकाळी पांढरी पसरलेली भुकटी संध्याकाळी पिवळट होई. ती झाडायची, नवी पसरायची. लाकडानं प्यायलेलं तेल असं थोडं थोडं परत निघत होतं आणि त्याबरोबर वासही. कान्हा दर वेळी मूठभर पट्ट्या वर नेऊन सुमित्राच्या नाकापुढे धरी.

“अजून हाय,” ती म्हणे. मग, “आता कमी हाय.” एकदा डोळे मिटून म्हणाली, “आता नुसता शालेचा वास येतो.”

त्या दिवशी दोघं हसले. तिनं सामानही सांगायला घेतलं, कोलंबी तिकडेच ताजी मिळेल, कोकमाचं आगळ मात्र घरचंच न्यायचं. तिच्या गालांची हाडं वर आली होती, पण डोळे तसेच होते.

गुरुवारी सकाळी शेडखाली टेबलावर जाडं मांजरपाट ताणून बसवलं. मास्तर सांगत होते, “गोंद कापडावर, पातळ. पट्ट्यांच्या फटीत गेला तर ती जागा वळणार नाही. आता एकेक पट्टी ठेवा. नंबर बघा. दाबा. पुढची.” कान्हाचे हात ट्रक चालवून राठ झालेले, पण त्यानं एकही पट्टी वाकडी ठेवली नाही. वर फळी ठेवून तांदळाच्या गोण्या रचल्या.

“आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही,” मास्तर म्हणाले. “सुकल्यावर खाचेत मेणबत्ती घासायची. तेल नाही. मग बसवायचं.”

दुपारी सुमित्राला थंडी वाजून ताप भरला. कान्हा धावत खाली आला आणि गोण्या उचलू लागला.

“कान्हाशेठ, ओलं आहे अजून.”

“आत्ताच निघतो. तिथं जाऊन झोपंल ती.”

“आत्ता गुंडाळलंत तर सगळ्या पट्ट्या सरकतील. उद्या सकाळी...”

“उद्या, उद्या!” कान्हा इतक्या जोरात ओरडला की गल्लीतली कुत्री उठली. “तुमच्या शालेत पोरं नापास झाली तर पुढच्या वर्षी परत बसतात, मास्तर. माझ्या बायकोला पुढचं वर्ष नाय. डाक्टरनी सांगितलाय मला.”

पोपट मास्तर उभे राहिले. इतके दिवस त्यांना वाटलं होतं, नवराबायको आजारातून उठून सहलीला निघालेत. त्यांनी गोण्यांकडे पाहिलं, कान्हाकडे पाहिलं. मग स्वतःच वाकून एक गोणी उतरवली, फळीची कड उचलली आणि पट्टीवर बोट टेकवलं. पट्टी ओल्या गोंदावर सहज सरकली. त्यांनी ती परत जागेवर आणली, फळी ठेवली आणि गोणी चढवली.

“मला आधी सांगायचं होतंत,” एवढंच ते म्हणाले.

कान्हा जमिनीवर बसला. मास्तर शेजारी बसले. त्यांना वयामुळे खाली बसायला त्रास होई, तरी बसले. गोंद आपल्या वेळानं सुकत होता. संध्याकाळी ताप आणखी चढला आणि सुमित्राला वाशीच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

पुढचे काही दिवस दवाखान्यातच गेले. जागृती पनवेलहून आली. कान्हा एकदा कपडे न्यायला घरी आला तेव्हा गोण्या तशाच होत्या. मास्तर जिन्यात भेटले.

“मी हात लावलेला नाही,” ते म्हणाले. “तुमच्या हातचं आहे.” आणि जरा थांबून, “मी तेव्हा तुम्हाला शिकवत बसायला नको होतं. स्वतः केलं असतं तर एक दिवस वाचला असता.”

“वाचला असता,” कान्हा म्हणाला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. “पन ताप तिला तिकडं बी आलाच असता, मास्तर.”

गाडी आता कुठे जायची नव्हती. तरी कपड्यांची पिशवी खाली ठेवून कान्हानं गोण्या उतरवल्या. खाचेत मेणबत्ती घासली, शटर वरून आत सोडलं आणि हात लावला. ते आवाजसुद्धा न करता वर गेलं. खाली ओढलं, खाली आलं. बोटाच्या टोकानं ढकललं तरी जात होतं. त्यानं ते इतक्या वेळा वरखाली केलं की बाहेर उभ्या मास्तरांनी शेवटी आत येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कान्हा कपाटाला डोकं टेकवून रडला.

डॉक्टरांनी सुमित्राला घरी सोडलं, पण ते बरी झाली म्हणून नाही. तिला जिना चढवत नव्हता, म्हणून खुर्चीवरून वर न्यायचं ठरलं. खुर्ची गाडीजवळून जाताना ती म्हणाली, “थांबा. मला आत बसवा.”

“आई, आधी वर चल, पडून राहा,” जागृती म्हणाली.

“पडूनच राहायचाय नंतर.”

कान्हानं तिला उचललं. तिचं वजन हातांना जाणवेना, त्यानं तो घाबरला. बाकावर, कपाटासमोर तिला बसवलं. तिनं नाकपुड्या फुलवून वास घेतला आणि मान हलवली. मग हात पुढे केला. कान्हा मदतीला वाकला, तिनं नजरेनंच त्याला थांबवलं. तिनं दोन बोटं शटरच्या खालच्या कडेला लावली. शटर वर गेलं. आत बरण्या होत्या, कान्हानं धुऊन पुसून लावलेल्या.

“हलका झाला,” ती म्हणाली. “कोनी केला?”

“मी. मास्तरनी शिकवला.”

“मास्तर,” तिनं दाराशी उभ्या पोपट मास्तरांना हाक मारली, “याला मी चालीस वर्सं भात लावायला शिकवते, तो येत नाय. तुमी कसा काय शिकवलात?”

 मास्तरांनी नुसते हात जोडले.

 मग कान्हा सवयीनं पुढे झाला आणि शटर खाली ओढू लागला. गाडीत तसाच नियम होता, काम झालं की शटर खाली, नाहीतर गाडी हलली की बरण्या पडतात.

सुमित्रानं त्याचं मनगट धरलं.

“बंद कशाला करता?” ती हळूच म्हणाली. “गाडी कुठं जायाची हाय?”

त्याचा हात तिथेच थांबला. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. बहुतेक तो डॉक्टरांकडून घरी आला त्याच दिवसापासून. तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवल्याचं जे ओझं तो वाहत होता, ते तो एकटाच वाहत होता.

“जागू, जरा तांदूल आन वरून,” सुमित्रा म्हणाली. “दोन मुठी. आनी तुमी, तो टोप घ्या. नाय, तो नाय, बारका. पानी घाला. बास. आता बोट बुडवून बघा, तांदलाच्या वर एक पेर पानी पायजे.”

कान्हानं पाण्यात बोट बुडवलं. त्याला नीट दिसत नव्हतं.

“किती हाय?” तिनं विचारलं.

“एक पेर.”

“बघू,” ती म्हणाली, आणि त्याचा ओला हात स्वतःच्या हातात घेऊन बोटावरची पाण्याची रेघ बघू लागली.