मासे दाखवणारे यंत्र

दामाजी नाखवांनी यंत्राच्या पाठीमागचा चौथा स्क्रू काढला आणि बशीत ठेवला. ज्या कोपऱ्यातून तो निघाला होता, बशीच्या त्याच बाजूला. मग झाकण उचलून, चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ आत पाहत राहिले. सांधे स्वच्छ होते. कुठे गंज नव्हता, कुठली तार सुटलेली नव्हती.

"सापडलं काय?" पायरीवर बसलेल्या धाकट्या भावाने, गोमाजीने, विचारले.

"सापडण्यासारखं काही नाही. सगळं जागच्या जागी आहे."

"जागच्या जागी हाय, मग पान्यात गेल्यावर त्याची वाचा का बसते? दोन दिवस फिरवलं, दादूस. नुसती खालच्या गाळाची रेघ दावतंय. मावरं म्हनून एक ठिपका नाय. बिघडलेलं हाय. तू तसं लिहून दे, म्हंजे त्यांच्या तोंडावर नेऊन आपटतो."

दामाजींनाही ते यंत्र कुणाच्या तरी तोंडावर आपटायचेच होते. फक्त आपटण्यापूर्वी ते तपासायला हवे होते.

यंत्र कोळीवाड्यात आले त्याला नऊ दिवस झाले होते. खाडीच्या वरच्या अंगाला, कल्याणच्या बाजूला जे कारखाने होते, त्यांच्या मालकांच्या मंडळाने ते मच्छीमार सोसायटीला भेट दिले होते. छोटा मांडव घातला होता. यंत्राच्या खोक्याला झेंडूची माळ होती. बोटीला एक चकती लावायची, ती पाण्यात आवाज सोडते, आवाज मासळीवर आदळून परत येतो आणि काचेवर ठिपका उमटतो, असे एका साहेबांनी समजावून सांगितले. मग ते म्हणाले, "मासा कमी झाला अशी तुमची तक्रार असते. मासा कमी झालेला नाही. तुमची शोधायची पद्धत जुनी आहे. शहाण्णव साल आहे हे. जग बदलतंय, तुम्हीही बदला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या रांगेतल्या दामाजींनी वाजवल्या नव्हत्या. ज्या कारखान्यांच्या नाल्यांनी खाडीचे पाणी कधी तांबडे तर कधी फेसाळ केले, त्यांनीच येऊन मासे शोधण्याचे यंत्र द्यावे, आणि वर शिकवणही द्यावी, हे त्यांना चार दिवस जेवताना आठवत होते.

दामाजी कोळीवाड्यातले पहिले पदविकाधारक. मुंबईच्या तंत्रविद्यालयातून ते शिकले आणि ठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे मापनयंत्रे तपासण्याचे काम करून निवृत्त झाले. दाबमापक खरे बोलतो की खोटे, तापमापक किती अंशांनी चुकतो, हे ठरवून खाली सही करायची, हेच त्यांचे आयुष्य. त्यामुळे यंत्रांपुढे हरखणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. डोंबिवली स्टेशनाबाहेर एक गृहस्थ संगणकावर पत्रिका काढून देत असे. तेच जुने ठोकताळे. पण संगणकाच्या छपाईच्या कागदाच्या दोन्ही कडांना भोके होती, म्हणून लोक त्याला शास्त्र म्हणत. शेजारच्या इमारतीतले एक सद्गृहस्थ टीव्हीच्या रिमोटवर तासभर बोलत, आणि विजेचे बिल जास्त आले की मीटर वाचून देण्यासाठी दामाजींना बोलावत. यंत्र विकत घेतले की विचार करण्याची जबाबदारी दुकानदाराकडे जाते, अशी या लोकांची समजूत झाली होती.

सोसायटीने अहवाल लिहिण्याचे काम दामाजींकडे दिले होते. पुढच्या सोमवारी मंडळाचा अधिकारी तो न्यायला येणार होता.

"दादूस," गोमाजी जरा खालच्या आवाजात म्हणाला, "सात होड्या होत्या. आता तीन हायेत. चौघं जन कारखान्याच्या फाटकावर खाकी घालून उभे हायेत. मलाबी बोलावलंय. मी सांगितलं, खाडीत मावरं हाय तवर गोमा नाखवा फाटकावर उभा राहनार नाय. आता या डब्यानं जर सांगितलं की मावरं नाय…"

दामाजींनी झाकण बसवले आणि चारही स्क्रू आपापल्या जागी आवळले.

"उद्या भरतीला होडी काढ," ते म्हणाले. "मला एक दोरी, एक लोखंडी वजन आणि सायकलची जुनी ट्यूब लागेल. घरी आवडाला सांग, बाजारातून येताना चार-पाच मोठे शिंगाळे आण. कापू नकोस म्हणावं."

"मावरं कशाला?"

"जे यंत्र मासा दाखवत नाही म्हणून आपण शिव्या देतो आहोत, त्याला आधी मासा दाखवून बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठापासून थोड्या अंतरावर होडी नांगरली. दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर दामाजींनी लाल दोरा बांधला होता. वजन तळाला टेकले तेव्हा त्यांनी दोरे मोजले. साडेतीन मीटर. काचेवर तीन पूर्णांक चार. गाळ लक्षात घेता हा फरक त्यांना मान्य होता. मग फुगवून दोन्ही तोंडे बांधलेला ट्यूबचा तुकडा वजनासह दीड मीटरवर सोडला. काचेवर दीड मीटरच्या जागी काळा ठिपका उमटला. तुकडा खाली सोडला, ठिपका खाली गेला. वर ओढला, वर आला.

गोमाजी नांगराच्या दोरीला धरून बसला होता.

शेवटी दामाजींनी शिंगाळे जाळीच्या पिशवीत घातले आणि पिशवी पाण्यात सोडली. मेलेल्या माशाच्या पोटातही हवेची पिशवी असते. यंत्राला तेवढे पुरे होते. काचेवर बारीक, कमानीसारखी खूण उठली. दामाजींनी पिशवी तीन वेळा वर काढली, तीन वेळा सोडली. तिन्ही वेळा खूण उठली आणि गेली.

"कोलंबी याला दिसत नाही," दामाजी म्हणाले. "चिखलात बसलेली निवटीही दिसणार नाही. तसं मी लिहीन. पण मासा याला दिसतो. यंत्र चोख आहे, गोमा."

गोमाजीने नांगर वर ओढायला सुरुवात केली. तो ओढताना भावाकडे पाठ करून उभा होता.

"लिही बिघडलंय म्हनून," तो म्हणाला.

"एकतीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही."

"तुझा आकडा खरा झाला की मी खोटा झालो. वीस वर्सं सगल्यांना सांगत आलोय, मावरं हाय, जरा खाली सरकलंय, पुढच्या उधानाला यल. आनि तू, माझा सख्खा भाऊस, त्यांच्या डब्याची बाजू घेतंस?"

"मी कुणाचीच बाजू घेत नाही. हे यंत्र ज्यांनी दिलं ना, त्यांनी ते एकदाही या पाण्यात सोडून पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर दिलं नसतं." दामाजींचा आवाज चढला होता, इतका, की काठावर जाळे उकलणाऱ्या माणसाने मान वर केली. "माळ घातली, फोटो काढला, शिकवण देऊन गेले. हे यंत्र काय बोलेल याचा विचार तरी केला का? मला तुझी होडी हवी आहे. पाच दिवस. पार वरपर्यंत, नाले जिथे पडतात तिथपर्यंत मोजू."

"माझ्या होरीत बसून माझंच मयत मोजनार तू," गोमाजी म्हणाला. "नाय भेटनार होरी."

घरी दोघे भाऊ समोरासमोर जेवायला बसले. गोमाजीची बायको आवडाबाई वाढत होती. चाळीस वर्षे तिने डोंबिवलीच्या बाजारात एकाच जागी पाटी लावली होती. भाताचे पातेले खाली ठेवून ती तिथेच टेकली.

"भावजी, ते शिंगाळे कुठले ते इचारलं नाय तुम्ही."

"बाजारातले. मीच सांगितलं होतं."

"मुंबईचे, भाऊच्या धक्क्यावरचे. मी पहाटे जाऊन घेते. वरीस झालं. गिऱ्हाईक इचारतं, बाई, खाडीचं काय? मी म्हनते हो, खाडीचं, माझ्या मालकानं आनलेलं." तिने नवऱ्याकडे पाहिले. "यांना ठाव हाय. मी सांगितलं नाय, यांनी इचारलं नाय. पाटी भरलेली दिसते, तरी होरी रिकामी येते, हे काय कलत नाय मानसाला? मना आता खोटं बोलून कंटाला आलाय. या घरात एकानं तरी खरं लिवा."

गोमाजी ताटात बोटे फिरवत राहिला. मग उठला आणि हात धुवायला मागे गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

सकाळी दामाजी यंत्र, बॅटरी आणि दोनशे पानी वही घेऊन काठावर एकटेच आले. दुसऱ्या कुणाची होडी मिळते का ते पाहायचे त्यांनी ठरवले होते. गोमाजी आपल्या होडीतले पाणी उपसून बसला होता. त्याने यंत्राकडे पाहिले नाही. बॅटरी तेवढी भावाच्या हातातून घेऊन कोरड्या फळीवर ठेवली.

पहिल्या जागी दामाजींनी वहीत लिहिले: वेळ, खोली, मासा – नाही. दुसऱ्या जागी तसेच. तिसऱ्या जागी गोमाजी वल्हे आडवे धरून थांबला.

"काय लिवलंस?"

"तीन नंबरची जागा. खोली चार मीटर. मासा नाही."

"तीन नंबर?" गोमाजी भडकला. "याला आजाचा खुंट म्हनतात. आपल्या आजानं इथं डोल जालं लावायला खुंट ठोकलेला. चैत-वैशाखात इथं जिताडा यायचा, एकेक भरतीच्या पान्याला पाच, सहा. इतका मोठा, की आवडा डोक्यावर घेऊन चालली तर शेपूट मागं लोंबायचं. आनि तू तीन नंबर लिवतंस? नुसतं नाय नाय लिवलं तर ते सायब म्हनतील, इथं कधी नव्हतंच."

दामाजींनी खिशातून पट्टी काढून पानावर आणखी एक उभी रेघ मारली आणि चौथा रकाना आखला.

"सांग," ते म्हणाले. "हळू सांग. महिन्यासकट."

पाच दिवस ते फिरले. आकड्यांचे काम यंत्र करी. जागा फक्त गोमाजीला ठाऊक होत्या. काठावर ना खूण ना पाटी, पण तो बरोबर थांबे आणि नाव सांगे. म्हातारीचा डोह. सोनकोंड. बायजाची उडी. कुठे बोय, कुठे शिंगाळा, कोणत्या महिन्यात, भांगाच्या लहान भरतीला की उधाणाच्या मोठ्या. सुरुवातीला तो रागाने सांगत होता. तिसऱ्या दिवशी तो दामाजींनी लिहिलेले वाचून दाखवायला सांगू लागला आणि चूक निघाली की दुरुस्त करू लागला. चौथ्या दिवशी वरच्या अंगाला, एका नाल्याच्या तोंडाशी पाण्यावर पिवळट साय होती. तिथे दोघांचेही डोळे झोंबले. तिथे काय मिळायचे, हे सांगताना गोमाजीचे शब्द अडखळले. दामाजींनी घाई केली नाही.

एकूण त्रेसष्ट जागा झाल्या. मासा दोन ठिकाणी दिसला, दोन्ही खाली, समुद्राच्या बाजूला. दामाजींनी तेही लिहिले.

सोमवारी अधिकारी आला. तरुण होता, अदबशीर होता, कमरेला पेजर होता. ओटीवर खुर्चीत बसून त्याने छापील कागद काढला.

"नाखवासाहेब, यंत्राबद्दल काही तक्रार?"

"काही नाही. उत्तम यंत्र आहे," दामाजी म्हणाले. "मी तीन प्रकारे तपासलं. अचूक आहे. तुमच्या मंडळाचे आभार मानतो."

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बहुधा त्याला इथल्या रागाची कल्पना दिलेली होती. "वा! मग इथे फक्त सही करा. 'यंत्र समाधानकारक चालते.'"

दामाजींनी सही केली, तारीख घातली आणि कागदाखाली वहीतली एकवीस पाने सुबक टाचून त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"यंत्राने जे सांगितलं ते. आमच्या खाडीचं. प्रती सोसायटीकडे आहेत, एक जिल्हा कार्यालयाकडे पाठवतो आहोत."

अधिकाऱ्याने पहिले पान वाचले. दुसरे वाचले. मग पाने भराभर उलटून त्याने शेवटचे पाहिले. पेजर वाजला, त्याने तो न पाहता बंद केला.

"साहेब, असं बघा," तो मऊ आवाजात म्हणाला, "एवढ्या ठिकाणी काहीच दिसत नाही म्हणजे यंत्रातच दोष असणार. परदेशी माल आहे, आपल्या पाण्याला मानवत नाही कधी कधी. आपण सरळ 'नादुरुस्त' लिहू या. मी आजच परत घेऊन जातो. तुमचंही काम वाचेल, आमचंही."

दामाजी बोलण्यासाठी पुढे वाकले. पण पायरीवर बसलेला गोमाजी आधीच उठला होता.

"नाय," गोमाजी म्हणाला. "यंत्र बरोबर हाय."

"तुम्ही कोण?"

"तिसरा रकाना यंत्राचा. चौथा माझा." त्याने खुंटीवरचे वल्हे काढून खांद्यावर घेतले. "भरती लागलीय. चला, होरीत बसा. एकेक जागा नावानिशी दावतो. बूट हातात घ्या, खाली चिखल हाय."

अधिकाऱ्याने आपल्या बुटांकडे पाहिले, मग दामाजींकडे. दामाजी यंत्राची चकती फडक्याने पुसत होते.