झाकणावरचं टिंब

मी एक जुना विषाणू आहे, मित्रांनो. नाकं मुरडू नका. सर्दीच्या खानदानातला मी. तुमची नाकं गळवणं एवढाच आमचा पिढीजात पराक्रम.

मला माणसांत आणलं ते प्रयोगशाळेतल्या बाईंनी. माझी पिलावळ वाढवायची खोड त्यांनी कापून टाकली. माझ्या पोटात कॅन्सरच्या पेशीला मारणारं जनुक ठेवलं. अंगावर हुकासारखे असे आकडे बसवले, की मी फक्त त्याच पेशीत रुतावं. चौदा वेळा मी चुकून उंदरांच्या यकृतात घुसलो. चौदा वेळा बाईंनी आकडे नव्यानं घडवले. पंधराव्यांदा घर बरोबर सापडलं, तेव्हा प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. बाई नुसत्या स्टुलावर बसून राहिल्या.

मग मला कुपीत भरून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. वितळलो की माझं बळ जातं. म्हणून नियम होता: कुपी वितळली, की झाकणावर शाईचं टिंब द्यायचं. टिंब असलेली कुपी माणसाला टोचायची नाही. सोमवारी मी एका शिंप्याच्या मानेतल्या गाठीत जाणार होतो.

शुक्रवारी पाहुणे आले. बाई खाली वॉर्डात शिंप्याजवळ होत्या. साहेबांनी मला काढलं, दिव्याखाली धरून फोटो काढून घेतले, चहा होईस्तोवर टेबलावर विसरले आणि गुपचूप परत ठेवलं. टिंब दिलं नाही. आमच्यातले निम्म्याहून जास्त तिथेच मेले.

हे फरशी पुसणाऱ्या मावशींनी पाहिलं. सोमवारी त्या बाईंच्या वाटेत उभ्या राहिल्या. नोकरी जाईल हे त्यांना ठाऊक होतं, तरी सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "टिंब कुठंय? मग कुपी चांगलीच आहे. अर्ध्या तासानं कुणाला काय कळतंय?"

"त्याच्या शरीराला कळतंय," बाई म्हणाल्या. "एकदा हा विषाणू आत गेला की शरीर त्याला ओळखून ठेवतं. मग ताजी कुपी दिली तरी दारातच मारेल. या माणसाला एकच संधी आहे, साहेब."

बाईंनी पेन काढलं आणि झाकणावर टिंब दिलं.

नवी कुपी तयार व्हायला तीन महिने लागणार. बाईंनी शिंप्याला काहीही न लपवता सांगितलं. तो मानेवर हात ठेवून हसला. "जन्मभर गिऱ्हाइकांना 'उद्या या' म्हणालो, बाई. आता माझी पाळी."

तीन महिने त्याच्याजवळ आहेत का, मला माहीत नाही. साहेबांचा फोटो भिंतीवर लागलाय. मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय. मी ब्लीचच्या बादलीशेजारी माझ्या पाळीची वाट बघतोय.

मित्रांनो, माझ्यासाठी रडू नका. विषाणूंना तोटा नाही. मावशींसारखी माणसं सांभाळा. आणि चूक तुमच्या हातून झाली, तर आधी टिंब द्या, फोटो मागून काढा.