‘अहो’वरचं टिपण

बावन्न वर्षांच्या संसारात इंदुबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी ‘अहो’. भाजी आणायची असली तरी अहो, न्हाणीघरात साप निघाला तरी अहो. सोलापुरात यात कुणाला काही नवल वाटलं नसतं. पण म्हातारपणी मुलाकडे जयपूरला यावं लागलं आणि तिथे बनी पार्कातल्या विस्मरणाच्या दवाखान्यात नेमक्या याच गोष्टीवरून बाई नापास झाल्या.

परीक्षा घेणारा वरुण पंचविशीतला, जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावणारा, मऊ बोलणारा मुलगा. त्याने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, उत्तमरावांकडे, हात करून विचारलं, “माताजी, ये कौन हैं? इनका नाम बताइए.” इंदुबाईंनी पदर सारखा केला आणि त्या खाली बघत राहिल्या. वरुणने कागदावर शून्य लिहिलं.

“अरे भैया, वो नाम कैसे लेगी!” उत्तमराव उसळले. “हमारे में नाम नहीं लेते!”

“सर, नाम नहीं तो रिश्ता सही. कुछ तो बोलना पड़ेगा.”

घरी आल्यावर मुलाने, मंगेशने, विषय काढलाच. “बाबा, महिन्याने परत टेस्ट आहे. मागच्या आठवड्यात आई एकटी जिना उतरून पार रस्त्यावर गेली होती. शर्वरी आणि मी दिवसभर ऑफिसात, आणि तुम्ही सत्याहत्तरचे. मतलब, आदर्श नगरला अशा पेशंटना सांभाळणारं चांगलं केंद्र आहे, तिथे ठेवू या.”

“ती मला ओळखते.”

“ओळखत असेल तर राहू दे घरीच. माझं काही म्हणणं नाही. पण तुम्हालाही ओळखत नसेल, तर तिला इथे काय आणि तिथे काय?”

मंगेश वाईट नव्हता, दमलेला होता. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना.

चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस अडचणीत सापडला की काय करणार? उत्तमराव वरुणसाठी टिपण लिहायला बसले. हिंदीत, वळणदार अक्षरात, चांगली चार पानं. संस्कृतात ‘अहो’ हा नुसता उद्गार आहे, नवल वाटलं तरी अहो आणि दुःख झालं तरी अहो. मराठी बायकांनी मात्र त्याच शब्दात अख्खा नवरा बसवला. सोलापुरात आमच्या शेजारची कानडी बाई नवऱ्याला ‘री’ म्हणून हाक मारी, समोरची तेलुगू विणकरीण ‘एवंडी’. बंगालिणी म्हणतात ‘ओगो’. तुमच्या आजीने आजोबांना ‘अजी, सुनते हो’ याखेरीज काय म्हटलं असेल, आठवून बघा. नाव तुमच्या कागदासाठी असतं, घरात माणूस हाकेने ओळखतात. सबब, माझी पत्नी ‘अहो’ म्हणाली तर ते बरोबर उत्तर धरावं, ही नम्र विनंती.

लिहिताना त्यांना फार बरं वाटलं. एक गोष्ट तेवढी त्यांनी टिपणात घातली नाही. हल्ली इंदुबाई आतून ‘अहो’ म्हणून हाक मारायच्या, आणि ते धावत जाऊन समोर उभे राहिले की त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहायच्या. तिच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं उत्तमरावांनी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या परीक्षेला मंगेश अर्धी रजा काढून आला, पण ऐन वेळी ऑफिसचा फोन आल्याने बाहेर गेला. वरुणने टिपण मनापासून वाचलं होतं. जागोजागी पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि आजच्या कागदाच्या कोपऱ्यात त्याने लिहून ठेवलं होतं: अहो, मतलब पति.

“मेरी दादी भी ‘सुनो जी’ ही कहती थीं, सर,” तो हसून म्हणाला आणि इंदुबाईंकडे वळला. “माताजी, ये कौन हैं?”

इंदुबाईंनी उत्तमरावांना न्याहाळलं. नीट, वरपासून खालपर्यंत. उत्तमरावांनी उगाच शर्टाची कॉलर सरळ केली. मग बाई वरुणकडे वळल्या, पदर खांद्यावर घेतला, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात असायचा त्या लाडिक, हळू आवाजात त्याला म्हणाल्या, “अहो, हे म्हातारे कोण? केव्हाचे ताटकळलेत बिचारे. चहा तरी विचारा की त्यांना.”

वरुणला त्यातला एकच शब्द कळला. “बोलीं! सर, ‘अहो’ बोलीं!” त्याचा चेहरा आनंदाने फुलला. त्याने कागदावर ठळक बरोबरची खूण केली.

उत्तमराव वरुणच्या चष्म्याकडे बघत राहिले. लग्नात ते याच पोराच्या वयाचे होते. चष्माही असाच होता, काळ्या काड्यांचा. खरं सांगावं तर उद्या आदर्श नगर. न सांगावं तर घर होतं, पण त्या घरात इंदूच्या लेखी एक परका म्हातारा राहणार होता. सांगायला तोंड उघडलं, तर आपल्याच चार पानांनी ते बंद केलेलं. इतकं हतबल त्यांना तिचा आजार कळला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मंगेश घाईने आत आला. कागदावरची खूण त्याने पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. “बाबा, ओळखलं आईने?”

“हो,” उत्तमराव म्हणाले आणि दाराकडे जायला उठले.

“उठलात का? बसा ना,” इंदुबाई परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने त्यांना म्हणाल्या. “आमचे हे आत्ता चहा सांगतील.”

उत्तमराव बसले.