सतरा ओळींचा डोस

मी डोस बोलतोय. मुलांच्या दवाखान्यातल्या संगणकात, पर्ल भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममधला सतरा ओळींचा तुकडा. बाळाचं वजन द्या, औषध किती ते सांगतो. मला लिहिणारा निवृत्त झाला. मी एकोणीस वर्षं जागा सोडली नाही, की चुकलो नाही.

मग नवा वजनकाटा आला. जुना किलोत बोलायचा, हा ग्रॅममध्ये. तीन किलोच्या बाळाला म्हणाला, तीन हजार. मी ते किलोच धरून उत्तर दिलं, दीड लिटर. औषधाच्या खिडकीतले काका चिठ्ठी वाचून ओरडले, "अहो, बाळाला औषध पाजायचंय की आंघोळ घालायचीय?"

चूक काट्याची, बोल मला.

"जुनं खोड ते. उपटून टाका," दवाखान्याचे साहेब म्हणाले.

प्रोग्रॅमर ताई अडून बसली. "अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे सगळे नियम त्याच्यात आहेत, साहेब. त्याला हात न लावता वरून दुसऱ्या तुकड्याचं वेष्टन चढवते. प्रोग्रॅम बंदही करावा लागणार नाही."

"चारपर्यंत. नाही जमलं तर तो जाणार."

आधी चाचणीच्या संगणकावर केलं. माझं नाव नव्या तुकड्याला दिलं. त्याने ग्रॅमचे किलो करायचे आणि मला हाक मारायची, बस. पर्लने बजावलं, या नावाचा एक आधीच आहे. ताईने ते कानाआड केलं.

नव्याने हाक मारली, "डोस!" पण डोस तर आता तोच! स्वतःच स्वतःला बोलावत सुटला. संगणक धापा टाकू लागला. आणि नाव गेल्यावर मला कुणी धरूनच ठेवलं नव्हतं. तिथली माझी प्रत पुसली गेली.

ताईने कपाळावर हात मारला. "पत्ता! आधी त्याचा पत्ता घ्यायला हवा होता!"

पावणेचारला चालू प्रोग्रॅमवर बसली. आधी माझा पत्ता, म्हणजे संगणकाच्या स्मृतीत मी राहतो ती जागा, जपून ठेवला, मग नाव काढून घेतलं. नव्याला सांगितलं, नावाने नाही, पत्त्यावर जा.

काट्यावर बाळ आलं. तीन हजार. नव्याने तीन केले, माझ्या दारात आला. मी उत्तर दिलं. दीड मिलिलिटर.

"आत्ता कसं!" खिडकीतून काका गरजले.

साहेब खूश. "नवा हुशार आहे हो!"

"जुनाच आहे, साहेब. दारात फक्त माणूस बसवलाय."

माझ्या नावाने आता दुसरा मिरवतो. मिरवू दे. उत्तर माझंच जातं. तुम्हीही नवं जरूर बसवा, पण जुन्याला धरून ठेवा. बरं, येतो. काट्यावर जुळी ठेवलीत.