बुटांच्या दुकानाच्या डावीकडे

सासू फोनवर बोलत असताना तिच्या हातातून फोन हिसकावून घ्यायचा, हे सुनेला शोभतं का? तेही गिऱ्हाइकांदेखत? मावशींनी हा प्रश्न आधी समोरच्या गिऱ्हाइकाला विचारला, मग शिलाई मशीनला, शेवटी स्वतःला. तिघांनीही मावशींचीच बाजू घेतली.

झालं होतं एवढंच. मॉलचा नवा मॅनेजर दुसऱ्या मजल्यावरची दुकानं बघत फिरत होता. कोणतं वर ठेवायचं आणि कोणतं तळघरात गाड्यांच्या शेजारी धाडायचं, ते आजच ठरणार होतं. कपडे लहान-मोठे करून देणारं मावशींचं दुकान काही त्याला सापडेना, म्हणून त्याने फोन केला. मावशींनी ऐटीत पत्ता सांगितला, "कॅसेटवाल्यावरून सरळ या, घड्याळवाल्याला वळसा घाला, बुटांच्या दुकानाच्या डावीकडे आम्हीच."

तेवढ्यात सुनेने फोन ओढला. तोवर पलीकडून फोन बंदही झाला होता.

"आई, कॅसेटवाला जाऊन वीस वर्षं झाली!"

"तो गेला. जागा कुठे पळाली?"

जागा जागच्या जागी होती, हे खरंच. कॅसेटवाल्याच्या जागी मोबाइलवाला आला, मग फोटोवाला, आता तिथे बायकांची नखं रंगवतात. घड्याळांचे झाले चष्मे, चष्म्यांची झाली व्यायामशाळा. बुटांच्या गाळ्याने तर इतके संसार मांडले नि मोडले की विचारू नका. मॉल उघडला त्या आठवड्यापासून मावशी इथे होत्या. बाकीचे सगळे पाहुणे. पाहुण्यांची नावं कोण पाठ करत बसतं?

"मी जाऊन आणते त्याला. डोळे मिटून फिरते मी या मॉलमध्ये."

"आज उघडे ठेवून फिरा," सून म्हणाली.

मावशी तोऱ्यात निघाल्या. पण डागडुजीसाठी मधला रस्ता फळ्या ठोकून बंद केलेला. त्यांनी दुसरीकडून वळण घेतलं, मग तिसरीकडून. पिवळा झगा घातलेल्या एका पुतळीपुढून त्या तिसऱ्यांदा गेल्या, तेव्हा त्या पुतळीलाही ओळख पटली असावी. पहारेकऱ्याला विचारायचं? इतकी वर्षं त्यालाच रस्ते शिकवले होते. मेलं तरी चालेल, पण विचारणार नाही!

बाकावर एक माणूस फाइलने वारा घेत बसला होता. "मावशी, तुम्ही इथल्या दिसता. बुटांचं दुकान कुठाय?"

"बंद पडलं ते."

"आणि घड्याळवाला?"

"तोही."

"एका बाईंनी फोनवर असा पत्ता दिलाय. अर्धा तास शोधतोय त्यांना."

"काय करायचंय तिला शोधून?" मावशी पुटपुटल्या. "ती काही जागेवर नाही."

एवढ्यात गळ्यात मापाची टेप लटकवलेली सून येऊन ठेपली. दोघांचं बोलणं कानावर पडताच तिने ओठ दाबला.

"साहेब, ह्याच त्या बाई. जिथे मालकीणच हरवते, तिथे गिऱ्हाईक काय पोचणार? तळघरात तर कुणीच नाही. आम्हाला याच मजल्यावरच्या पँटवाल्याच्या ट्रायल रूमबाहेरचा कोपरा द्या. माणूस नवी पँट घालून बाहेर येतो, पायचा जमिनीवर लोळतो, तिथेच आम्ही बसलेल्या."

मॅनेजरने खाली पाहिलं. त्याचाच पायचा टाचेखाली आला होता.

"सोमवारपासून बसा तिकडे," तो म्हणाला.

सुनेच्या बोलण्यावर मावशींच्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. घशाला जरा लागलंच. इतक्या वर्षांच्या ताठ्याने जे मिळालं नव्हतं, ते आज अर्ध्या तासाच्या येडेपणाने पदरात पडलं होतं, आणि ते उचलून घेण्याची अक्कल दुसरीचीच होती.

परत येताना त्या सुनेच्या मागून चालत होत्या. रस्ता बघायला, दुसरं काही नाही. दुकानाच्या दारात थांबून त्यांनी निकाल दिला.

"चारचौघांत सासूची अब्रू काढलीस, ते चुकलंच तुझं. पण पुढच्या मॅनेजरशी तूच बोलायचं. मी तोंड उघडलंच, तर सरळ हात ठेव तोंडावर. हळू ठेव मात्र, दात नवे आहेत."