दृष्ट लागण्याजोगी

आर्गिरो मला नौना म्हणते. बाप्तिस्म्याला तिला तेल मीच चोळलं, म्हणजे देवासमोर मी तिची दुसरी आईच. आणि काय दिवे लावले या आईने! गेल्या ईस्टरला चर्चच्या आवारात पोरं फटाके उडवत होती आणि ही बिचारी माझा स्कर्ट धरून उभी. "पुढे हो की, भित्री भागूबाई!" म्हणून मीच तिला ढकललं. सात वर्षांचं लेकरू, फटाका तोंडाशीच फुटला. उजवा गाल गेला, वरचा ओठ गेला.

तेव्हापासून अथेन्सच्या इस्पितळात चार ऑपरेशनं झाली. मानेची कातडी गालावर आली, ओठ दोनदा शिवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून दोन-तीन लागतील. पोर वाढतेय ना, चेहराही वाढणार."

आज तिथेच पट्ट्या सुटल्या. सोमवारपासून शाळा. आर्गिरोने आईला बजावलं होतं, "नौना छान म्हणाली तरच जाईन."

मी पाहिलं आणि नजर पटकन तिच्या केसांवर वळवली. "छान गं! किती छान दिसतेस," मी म्हणाले. ती हसली, एका बाजूनेच. तिची आई व्हासो डोळे पुसत कागद आणायला गेली. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो.

तेवढ्यात शेजारी एक बाई तान्हं बाळ घेऊन टेकली. गोबरे गाल, टपोरे डोळे. माझी मेली जीभ! "अगं बाई, काय गोड! फ्तू, फ्तू, फ्तू! दृष्ट नको लागायला!"

मान वळवली तर आर्गिरो माझ्याकडे बघत होती. ती जन्मली तेव्हापासून भेटले की आधी असंच थुंकायचं आणि मग मुका घ्यायचा, ही माझी रीत. ती कधी सुटली ते मला कळलंही नव्हतं. तिला कळलं होतं.

"नौना, मला आता दृष्ट लागत नाही ना?"

शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लागते गं राणी, का नाही लागणार?" म्हणत मी घाईघाईने वाकले. पण तोंडाला कोरड पडलेली, नुसताच आवाज निघाला. तरी तिने बाहीने गाल पुसला, टाके जपत.

व्हासो परत आली. "मग? सोमवारी शाळेत ना?"

"नाही."

"का गं? नौनाने सांगितलं ना छान दिसतेस?"

आर्गिरोने एकदा माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी माझं पोट दुखणार आहे," ती म्हणाली.

एवढ्याशा पोरीने मला पाठीशी घातलं, आणि मी गप्प बसले.