सहा तासांचा हिरवा

मी एक जुना पडदा आहे, फोनला असतो त्या जातीचा. पोस्टाच्या तिकिटाएवढा, दोन काचांचा, तैवानमधल्या काओश्युंगच्या विद्यापीठात जन्मलेला. हल्ली एका खणात कापसावर पडून असतो. माझा एक कोपरा गळतो आणि तिथे हवेचा बुडबुडा शिरला आहे. तरी मित्रांनो, खण उघडून ऊन आत आलं, की मी अजून हिरवा दिसतो.

हा रंग कुणी लावलेला नाही. माझ्या दोन काचांमध्ये केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी फट आहे. तिच्यात द्रवस्फटिक आहे, म्हणजे पाण्यासारखं वाहणारं पण आपले रेणू शिस्तीत बसवणारं द्रव्य. ते तापवून निववताना वाटेत काही अंशांपुरती एक अवस्था येते. तिला नील अवस्था म्हणतात. तेव्हा रेणू पीळ घालून बसतात आणि त्या पिळांचे बारीक ठोकळे रचले जातात. ते ठोकळे उजेडातला एखादाच रंग परत फेकतात. वीज दिली की ठोकळे ताणले जातात, रंग बदलतो. म्हणून मला पाठीमागे दिवा लागत नाही. उन्हात तुमचे फोन फिके पडतात, मी उजळतो.

मला घडवलं यून-रूने. एम.एस्सी.चं तिचं शेवटचं वर्ष होतं. मला निववणाऱ्या यंत्रावर तिने मक्याच्या कुरमुऱ्यांचं हिरवं पुडकं ठेवलं होतं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ते ठेवतातच. पुडकं हिरवंच हवं, न फोडलेलं हवं आणि त्याची तारीख उलटलेली नको. या बाबतीत आमचे शास्त्रज्ञ फार काटेकोर असतात.

त्या सकाळी नऊला यंत्र सुरू करून ती खालच्या वर्गाचं प्रात्यक्षिक घ्यायला गेली. परतली तेव्हा तीन वाजले होते. तिने अतिनील दिवा लावून माझी रचना कायमची पक्की केली आणि मला खिडकीशी धरलं. मी कडेपासून कडेपर्यंत एकसारखा हिरवा होतो. माझ्याआधीचे सगळे ठिपक्याठिपक्यांचे निघाले होते.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. फांग बाई, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, प्रत्येक पाहुण्याला मला उन्हात नेऊन दाखवत. यून-रूच्या प्रबंधात पहिलं चित्र माझंच होतं.

पण माझ्यासारखा दुसरा काही होईना. तीच कृती, तेच द्रव्य, तरी पुढचे तेरा पडदे ठिपकेदार. तोंडी परीक्षेला नऊ दिवस उरले, तेव्हा तिने माझ्या दिवसाची तापमानाची नोंद उघडली. वीस मिनिटांत व्हायचं निववणं सहा तास चाललं होतं. ती यंत्रापाशी गेली. पुडकं घसरून मागे पंख्याच्या जाळीला चिकटलं होतं. असा वारा अडला, की यंत्र सावकाश निववतं आणि ठोकळ्यांना एकसारखं बसायला वेळ मिळतो. माझ्यानंतर कुणीतरी ते उचलून नीट ठेवलं होतं का, हे तिने विचारलं. शेजारच्या टेबलावरच्या ग्वान-वेईने, तिच्या सीनिअरने, हो म्हटलं. यंत्र पुसताना त्यानेच ते सरळ केलं होतं. आज पुन्हा घसरलेलं दिसतंय, म्हणाला.

त्याने तिला समजावलं, की परीक्षकांना एक पडदा पुरतो, कृती आहे तशीच राहू दे.

"दादा, ती कृती खोटी आहे."

"मग काय लिहिशील? पुडक्याने पदवी दिली?"

ती हसली नाही. कारण खरं सांगितलं तर सगळे प्रयोग पुन्हा करावे लागणार होते. पदवी सहा महिने लांबणार होती, आणि ठरलेली नोकरी तितके दिवस थांबणार नव्हती. दोन दिवस ती मला नुसती हातात घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मला आणि नोंदीचा कागद घेऊन ती फांग बाईंकडे गेली.

बाईंनी कागदावरचे सहा तास बोटाने मोजले. "पाहुण्यांना मी ही कृती इतक्यांदा सांगितली, आणि नोंद एकदाही मागितली नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "लिही. पुडक्यासकट लिही. नोकरीचं मला वाईट वाटतं, पोरी."

नोकरी गेली. नवीन सत्रात तिने मुद्दाम सहा तास निववून पाच पडदे केले. त्यांतले तीन एकसारखे हिरवे निघाले. त्या दिवसापासून मला कुणी खिडकीशी नेलं नाही. पुढे माझ्याहून मोठे, तीन रंगांचे पडदे आले आणि मी खणात गेलो. मला त्याचं थोडं दुःख झालं, खोटं कशाला सांगू? एकुलता एक होतो तोवर माझी केवढी ऐट होती.

पण मित्रांनो, एकुलता एक होतो तोवर मी नुसती नवलाची वस्तू होतो. ते तिघे झाले, तेव्हा कुठे मी खरा ठरलो. म्हणून तुमच्या हातून काही छान घडलं, तर टाळ्या संपल्यावर एकदा त्याच्याकडे परत जा आणि ते कशामुळे घडलं ते विचारा. उत्तर हसण्याजोगं निघालं, महागात पडलं, तरी खाडाखोड न करता लिहून ठेवा. आम्हा वस्तूंना तेवढंच जपणं पुरतं. काच आज ना उद्या गळतेच.